पाइपाला कोंब फुटले तेव्हा

आज तिसरी माळ. सकाळी नात देवघरासमोर पालथी पडली होती, नाक परडीतल्या मातीला टेकेल इतकं खाली. एकदम ओरडली, "आजी, आला! एक आला!" काळ्या मातीतून गव्हाचा एक कोंब वर डोकावत होता. पांढरट, मान वाकडी, कुणी झोपेतून उठवल्यासारखा. मी चष्मा चढवून बघितलं आणि मला हसू फुटलं. गालातल्या गालात नव्हे, चांगलं पदर तोंडात कोंबावा लागेल असं. सून स्वयंपाकघरातून भगरीचा चमचा हातात घेऊनच आली. "आई, देवापुढं काय हसताय?"

तिला काय सांगणार? की असाच कोंब मी एकदा लोखंडी पाइपावर उगवलेला बघितलाय? आणि तो पाइपही साधासुधा नाही, समुद्राच्या तळाला असतो तसला?

लोकांचं नवरात्र झेंडूच्या वासाचं असतं, धुपाचं असतं. माझ्या नाकात मात्र ह्या दिवसांत ओलं गोणपाट शिरतं. ओलं गोणपाट, त्याखाली गरम होत चाललेलं सिमेंट, ग्राइंडरवरून उडणाऱ्या ठिणग्यांचा करपट वास, आणि ह्या सगळ्यावर पत्र्याच्या शेडमधली ऑक्टोबरची झळ. पाऊस नुकताच हात झटकून गेलेला असतो. जालना रोडच्या दोन्ही अंगांनी सोयाबीन पिवळं पडलेलं, करमाडकडून येणाऱ्या टेम्पोत झेंडूचे ढीग, आणि त्या टेम्पोमागून स्कूटीवर, छाती पुढं काढून, एक बाई चिकलठाण्याला कामावर निघालेली. ती मी. म्हणजे वीसेक वर्षांपूर्वीची मी.

ही बाई आज मला भेटली असती, तर मी तिला आधी खुर्चीत बसवलं असतं, पाणी दिलं असतं आणि म्हटलं असतं, बाई, जरा श्वास घे. चाळिशी उलटलेली, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, असेंब्लीची सुपरवायझर. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओके?' लावल्याशिवाय तिचं वाक्य पुरं व्हायचं नाही. घरीसुद्धा. "भाजीत मीठ घातलंय, ओके?" सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणायच्या, "अरे, ही घरी येते, पण हिचा कारखाना सुटतच नाही रे."

कारखाना म्हणजे यूनुसभाईंचं वर्कशॉप. चिकलठाण्याच्या जुन्या वसाहतीतली एक शेड, मागं कडुलिंब, कडुलिंबाखाली सिमेंटचा मोठा हौद. यूनुसभाई स्वतः मालक आणि स्वतःच अर्धे कामगार. कानामागं पेन्सिल, दाढीत ग्रीस, आणि चहा नेहमी बशीतून. माझ्या हाताखाली दोघी होत्या. गयाबाई करमाडची, घरची शेती सांभाळून फिटिंगला येणारी. नवरात्रात पायात चप्पल घालायची नाही हा तिचा नेम. मी सेफ्टी शूजची सक्ती केली, तर तिनं शांतपणे बूट चढवले आणि म्हणाली, "देवीला चप्पल चालत नाय म्याडम. बुटाचं ती काय बोल्ली नाय." दुसरी सुजाता. शहरातली, आयटीआय झालेली, वेल्डर. हात स्थिर आणि जीभ त्याहून धारदार.

त्या वर्षी यूनुसभाईंकडं एक अजब काम आलं. समुद्राच्या तळाशी तेलाचे, गॅसचे पाइप टाकलेले असतात. एखाद्या जुन्या पाइपाला नवी फांदी जोडायची झाली, तर जोडायच्या जागी आधी तो पाइप तयार करावा लागतो. नुसता बघितला तर तो पाइप वाटतच नाही. पोलादावर काळं लेपण, गंज चढू नये म्हणून. त्यावर काँक्रीटचा जाड अंगरखा, तळाला बसून राहावा म्हणून. तेवढ्या जागेपुरतं ते सगळं सोलून आतलं पोलाद उघडं करायचं. कुठं ओरखडा नको, कुठं डाग नको, गोलाई बिघडायला नको. तरच नवा जोड धरतो. आणि हे करायचं कुठं, तर पाण्याखाली, जिथं पाणबुड्यालाही फार वेळ थांबता येत नाही. त्यासाठी आम्ही यंत्र बांधत होतो. दोन अर्धी कडी पाइपाभोवती येऊन एकमेकांत अडकणार, आतली दातेरी चाकं वरचं कवच फोडत गोल फिरणार, आणि त्यांच्या मागून तारेचे ब्रश पोलाद घासत येणार. गयाबाईनं चित्र बघितलं आणि एका शब्दात संपवलं, "बांगडी हाय की."

समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. माझा जन्म लासूर स्टेशनचा. तिथं पाणी म्हणजे विहीर, आणि विहिरीत पाणी असलं तर बातमी. अशा आमच्यापुढं एक दिवस यूनुसभाई बशीतला चहा फुंकत म्हणाले, "मशीन पास हुई ना, तो हम में से एक उसके साथ जाएगा. समंदर पे."

झालं. बाईच्या डोक्यात वारं शिरलं. मोहरमच्या डोल्यासारखी ती घरी नाचत आली आणि सगळ्यांना सांगून मोकळी झाली की मी समुद्रावर चाललेय. यंत्राचा अजून एक बोल्ट बसला नव्हता. गुलमंडीवर जाऊन तिनं काळा गॉगल घेतला. शेजारच्या बायकांना म्हणाली, तिकडं पाण्यावरून ऊन फार परावर्तित होतं. परावर्तित! ह्या शब्दासाठी आजही मला तिचा कान धरावासा वाटतो. आणि पाणबुडे खाली उतरतात तर आपल्यालाही श्वास रोखता आला पाहिजे, म्हणून ती रोज सकाळी न्हाणीघरात बादलीत तोंड बुडवून बसायला लागली. तिला कोण समुद्रात उतरवणार होतं? पण तयारी! एकदा ह्यांनी बाहेरून दार वाजवलं. "अगं, किती वेळ? आत काय चाललंय?"

"प्रॅक्टिस!"

"कशाची?"

"समुद्राची!"

मग बाहेरून ह्यांचा आवाज, "आई, ती बादलीत समुद्राची प्रॅक्टिस करतीय."

आणि सासूबाईंचा, "करू दे. तेवढा वेळ तोंड तरी बंद राहील."

यंत्र तपासायला समुद्र हवा. तो आमच्या हौदात करायचा होता. नळाला पाणी कधी येणार हे जिथं नळालाच ठाऊक नाही, तिथं हौद भरेपर्यंत सगळ्यांनी नवस बोलायचे बाकी ठेवले होते. हौद भरला तेव्हा त्यात कडुलिंबाची सावली हलत होती आणि एक कावळा काठावर बसून आश्चर्य करत होता. यूनुसभाई खूश. पण बाईचं समाधान होईना. समुद्र खारट असतो. तिनं खड्याच्या मिठाची पोती मागवली आणि स्वतः हौदात ओतायला लागली. यूनुसभाई धावत आले. "बाई, समंदर बनाना है के अचार डालना है?"

"टेस्ट खरी झाली पाहिजे," बाई म्हणाली. "ओके?"

पुढं कितीतरी दिवस त्या हौदाच्या काठावर मिठाची पांढरी रेघ होती. गाढवं येऊन चाटायची.

आता मुख्य गोष्ट, पाइप. समुद्रातला पाइप आम्हाला कोण देणार? म्हणून तसाच एक तुकडा बनवायचा ठरलं. पोलादी पाइप, त्यावर काळं लेपण, आणि त्यावर गवंड्यानं चढवलेला काँक्रीटचा थर. काँक्रीट भेगाळू नये म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून रोज पाणी मारायचं. गोणपाटाची सोय मी केली. माझ्या भावाची लासूर स्टेशनला आडत. त्यानं जुनी पोती पाठवून दिली. सुजातानं एक पोतं झटकलं आणि म्हणाली, "ताई, धुऊन घेऊ का?"

"पोती धुवायला पाणी कुठंय? गुंडाळा तशीच. ओके?"

घटस्थापनेच्या दिवशीच गुंडाळली. सकाळी घरी परडीत माती पसरून, धान्य पेरून, घट बसवून मी कामावर आले होते. आणि कामावर येऊन मी काय करतेय हे मला कळलं नव्हतं.

मागच्या अंगाला, कडुलिंबाजवळ, दोन लोखंडी घोड्यांवर पाइप आडवा ठेवलेला. रोज दोन वेळा त्यावर पाणी. वरून ऑक्टोबरचं ऊन, खालून सिमेंटची ऊब. अशी मऊ, उबदार, ओली जागा त्या अख्ख्या वसाहतीत दुसरी नसेल. चौथ्या माळेला सकाळी मी नेहमीसारखी स्टँडवर स्कूटी लावून मागं गेले, तर दोघी पाइपासमोर उभ्या. गयाबाईचे बूट बाजूला काढलेले, हात जोडलेले. सुजाता कमरेवर हात ठेवून.

"ताई," सुजाता म्हणाली, "तुमच्या पाइपाला मिसरूड फुटलंय."

पोत्यांच्या विणीत अडकून राहिलेलं धान्य. गहू, ज्वारी, मधेच हरभऱ्याचं एखादं दोनपानी नाजूक रोप. गोणपाटातून सगळीकडून कोंब वर आलेले. उन्हात ते इतके हिरवे दिसत होते की डोळे निवले. पोलादाच्या त्या काळ्यापांढऱ्या शेडमागं एक जिवंत वस्तू आडवी पडली होती.

बाईचे डोळे अर्थातच निवले नाहीत. "हे काय? हा टेस्ट पीस आहे! उपटा ते सगळं."

गयाबाईनं कनवटीची पुडी काढली आणि पाइपाच्या टोकाला हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली.

"गयाबाई, हा पाइप आहे. देव नाही."

"देव कुठं म्हन्ले मी? घट म्हन्ले. आपन नाय बसवला, त्यो आपल्या आपन बसला. आता नऊ माळा हलवायचा नसतो."

"अहो, पण..."

"तुमच्या घरचा घट आज हलवताल का म्याडम?"

घरी तर मी नवऱ्याला देवघराच्या दारातून पेपर न्यायला सुद्धा बंदी केली होती, वाऱ्यानं घट हलेल म्हणून. मी मोठ्या आशेनं सुजाताकडं बघितलं. ती बौद्ध, तिच्याकडं घटाचा काही संबंध नाही.

"आमच्यात घट नाय बसत ताई," ती म्हणाली, "पन उगवलेलं उपटायचं काम मला नका सांगू. मी वेल्डर हाय, बकरी नाय."

यूनुसभाई आले, पाइपाभोवती एक फेरी मारली, एका कोंबाला बोट लावलं. "बाई, तुम को पाइप बोला था. तुम ने खेत ला दिया." मग जरा थांबून म्हणाले, "पानी मारते रहो. सूख गया तो क्रॅक आएगा."

एवढ्यावर विषय मिटला. चेन-पुलीचा हुक नेमका पाइपाच्या वर लोंबत होता. गयाबाई रोज करमाडहून येताना झेंडूची एक माळ आणायची आणि त्या हुकाला बांधायची. पाचवी, सहावी, सातवी. ग्रीसनं काळ्या झालेल्या साखळीवरून केशरी फुलं खाली यायची. येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकवाल्यांना कळायचं नाही, ही देवी नेमकी कुठली.

मधेच एक सांगते. त्या काँक्रीटच्या अंगरख्याचा मला फार दिवस राग होता. एवढं चांगलं पोलाद आणि त्यावर हे ओझं कशाला? मग यूनुसभाईंनी समजावलं. पाइपात गॅस असला की तो हलका होतो, समुद्र त्याला वर ढकलतो. वजन नसेल तर तळ सोडून वर येईल. मला तेव्हा हसू आलं. कारण वर यायची ओढ काय असते हे बादलीत तोंड घालणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको होतं. आज वाटतं, आपल्यालाही घरादारानं, नावागावानं असेच थर चढवलेले असतात, आणि बरेचदा त्यांच्या जिवावरच आपण जागेवर असतो. पण नवा जोड घ्यायचा तर तेवढ्या जागेपुरतं कवच उतरावंच लागतं. सून घरात आली तेव्हा मी उतरवलं होतं थोडं. ती म्हणते, फारच थोडं. असेल.

सातव्या माळेला फोन आला. समुद्र लवकर शांत झाला होता, जहाज तयार होतं, यंत्र बघायला काम देणाऱ्या कंपनीचा माणूस उद्याच येणार. घट उठणार नवमीला. आणि माणूस येणार अष्टमीला. यूनुसभाईंनी कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथंच ठेवली. मीच तोडगा काढला. पाइप लांब होता. हळदीकुंकू एका टोकाला, तर दुसऱ्या टोकाचं गोणपाट सोडून तेवढा भाग मोकळा करायचा, आणि चाचणी तिथं. हौदातही तेवढंच टोक उतरवायचं. गयाबाईनं विचार केला. "तिकडची मुळं अजून धरली न्हाईत. ते चालतंय."

आलेला माणूस तांडेल. कोकणातला, आधी पाणबुड्या, आता यंत्रं पारखणारा. रुंद खांदे, आवाज इतका मोठा की कडुलिंबावरचा कावळा उडाला. समुद्रावर वाऱ्याशी बोलून बोलून तसा झाला असावा. त्यानं हौदात बोट बुडवून चाटलं. "मीठ टाकलंय?" आणि असा हसला की बाईला आपण हुशार आहोत की वेड्या, हेच कळेना.

उघडं टोक पाण्यात गेलं. बांगडी मिटली. यंत्र घरघरलं, पाणी दुधासारखं झालं, आणि पाइप वर काढला तर पोलाद आरशासारखं. मी टाळ्या वाजवायला हात उचलले.

तांडेलनं मान हलवली. "छान. पण असा दाढी केलेला नवरदेव मला समुद्राच्या तळाला कधी भेटला नाही. तिथं पाइपावर शिंपले असतात, शेवाळ असतं, झुडपं वाढलेली असतात." तो चालत दुसऱ्या टोकाशी गेला, हिरव्यागार टोकाशी. लोंबणाऱ्या माळांखाली वाकून त्यानं कोंबांवरून हात फिरवला. "हा पाइप खरा. यंत्र ह्याच्यावर चालवा. आत्ता."

हौदातून पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज.

"उद्या दुपारी मला पुण्याला दुसरं यंत्र बघायचंय," तो म्हणाला. "तुमचं आज झालं तर पुण्याला जायची गरजच नाही."

मी गयाबाईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, हुकाच्या माळांकडं बघत होती. तिनं नाही म्हटलं नसतं. सुपरवायझरचा हुकूम तिनं मोडला नसता, मुकाट्यानं कोंब उपटले असते, आणि मग करमाडला बसमध्ये बसून काय विचार केला असता देव जाणे. आणि माझ्या डोळ्यांपुढं समुद्र, गॉगल, शेजारणी, सगळं उभं राहिलं. बाईनं तोंड उघडलं. तिला काय म्हणायचं होतं ते मला आजही ठाऊक नाही. पण बाहेर आलं ते असं, "उद्या. सकाळी घट उठला की लगेच."

यूनुसभाईंनी डोळे मिटून घेतले.

"एकच फेरी," तांडेल म्हणाला. "अडकलं तर मी निघालो."

नवमीची सकाळ. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, आणि पूजा झाली की यंत्र बंद ठेवायचा शिरस्ता. मी घाबरत गयाबाईला विचारलं, आज चालेल का? ती म्हणाली, "पूजा झाल्यावर हत्यार चालवायचं नसंल, तर पूजा कशाला करायची?" माझी एवढी सोय ह्याआधी कुठल्याच शास्त्रानं केली नव्हती. तिनं दहीभाताचा नैवेद्य दाखवला, पाइपाला पाच बोटं लावून जरासा हलवला, म्हणजे घट उठला. मूठभर कोंब खुडून आमच्या केसांत खोवले, यूनुसभाईंच्या टोपीत खोवले. "ये कौनसे मेडल है?" म्हणत त्यांनी ते दिवसभर काढले नाहीत.

पाइप उतरला. बांगडी मिटली. घरघर, पांढरं पाणी, वर तरंगून येणारी हिरवी पाती. मग आवाज बदलला. आधी घोगरा, मग घुसमटलेला, मग एक झटका, आणि शांत.

वर काढून बघतो तर ब्रशांना मुळं आणि गोणपाटाचे धागे असे गुंडाळले होते की तार दिसेना. तांडेलनं हात पुसले आणि बॅग उचलली. "समुद्रात ह्याच्यापेक्षा जास्त असतं," तो म्हणाला. चिडून नव्हे, वाईट वाटून.

"अरे भाई, चाय तो पी के जाओ," यूनुसभाई म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला कळलं, चहा संपेपर्यंतचा वेळ आपला आहे.

आम्ही तिघी यंत्रावर तुटून पडलो. सुजाता धागे ओढत शिव्या घालत होती. "हे गुंतवळ बघा! माझ्या पोरीचा कंगवा असाच भरतोय रोज."

"कंगव्यालाच कंगवा पायजेल," गयाबाई म्हणाली.

"मग लावू ना!" मी ओरडले. कुणाच्या डोक्यात आधी आलं हे आजही ठरलेलं नाही, आणि भेटलो की आम्ही त्यावरून भांडतो. पत्र्याची पट्टी घेतली. मी दात आखले, गयाबाईनं ग्राइंडरवर कापले, सुजातानं ती फणी ब्रशाच्या पाठीशी अशी वेल्ड केली की ब्रश फिरताना प्रत्येक वेळी विंचरला जाईल. मागून यूनुसभाईंचा आवाज येत होता. "और एक कप. नहीं नहीं, ये तो आधा था. बिस्कुट?" तांडेल त्या दिवशी जितका चहा प्यायला तितका तो पुन्हा आयुष्यात प्यायला नसेल. पट्टी अजून तापलेली होती. मी तिला धरून होते, बोटं भाजत होती, आणि मला हसू येत होतं. कशाचं, कुणास ठाऊक. असं वाटत होतं की शेडचा पत्रा आता उडून जाईल.

"झालं!" सुजाता म्हणाली आणि तिनं तोंडावरची काच वर केली.

तांडेल बॅग खांद्याला लावूनच हौदाशी आला. बांगडी मिटली. घरघर. पांढरं पाणी. हिरवी पाती वर आली, मग धाग्यांचे गुंडे वर आले, एकामागून एक, विंचरून टाकल्यासारखे. आवाज घोगरा झाला. मी गयाबाईचा दंड इतका घट्ट धरला की बांगडी पिचली, ही खरी, काचेची. आवाज पुन्हा मोकळा झाला. आणि तसाच राहिला.

पाइप वर आला. उन्हात बघवेना. तांडेलनं बॅग खाली ठेवली, डोळे मिटले आणि तळहात पोलादावरून गोल फिरवला. हळू, एखाद्या वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "खाली काही दिसत नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच आवाज लहान होता. "हातानंच बघतो आम्ही." पुन्हा एक फेरी. "हां. इथं नवा पाइप बसेल."

आम्ही काय केलं ते विचारू नका. गयाबाईनं त्याच्या कानावर कोंबांची जुडी खोवली आणि तो पुण्याला फोन करताना ती हलत होती.

जायचं कोणी? गयाबाई म्हणाली, सोयाबीन उभं हाय, मळनीयंत्र परवा यायचंय. सुजाता त्याच संध्याकाळी नागपूरला निघाली होती, दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला. तिची पिशवीसुद्धा भरून शेडमध्ये आणून ठेवलेली. "मग काय," बाई खोल उसासा टाकून म्हणाली, "मलाच जावं लागणार."

"ताई, एवढं दुःख नका करू," सुजाता म्हणाली. "मशीनला रडू येईल."

आणि बाई गेली. यंत्राच्या ट्रकमागून जीपनं, घाट उतरून. धक्क्यावरून लाँचनं त्या तराफ्यासारख्या जहाजावर. लाँचमध्ये किती वेळा ओकले ते मी सुनेसमोर सांगणार नाही. जहाजाच्या कठड्याला धरून उभी राहिले तेव्हा आमचं यंत्र दोराला लटकत होतं. खाली तांडेल स्वतः उतरला होता, कारण यंत्र पहिल्यांदा बसवताना त्याला दुसऱ्याच्या हातावर भरवसा नव्हता. मग यंत्र पाण्यात गेलं. पाण्यानं ते मिटून घेतलं आणि मागं राहिला फक्त पिवळा दोर, सरळ खाली गेलेला.

स्पीकरवर तांडेलचा श्वास ऐकू येत होता. घोरल्यासारखा, खोल, मधेच बुडबुडे. खूप वेळ फक्त श्वास. मग, "बसली."

दोर थरथरायला लागला. मी त्या थरथरीवरून सांगू शकत होते की आत्ता दात काँक्रीटवर आहेत, आता लेपण, आता ब्रश. हौदाकाठी ऐकलेला प्रत्येक आवाज दोरात उतरला होता. मग दोर थांबला. माझ्या आजूबाजूची माणसं काहीतरी बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. गुंतवळ. गुंतलंय. फणी चालत नाही. आम्ही हौदात नव्हे, समुद्रात हरलो. आणि मग दोर पुन्हा थरथरला. आधी जरासा, मग मोठा, मग एकसारखा.

"निघतंय," स्पीकर म्हणाला. "झुडपं निघताहेत. विंचरतेय." श्वास. "घासतेय." श्वास, श्वास. आणि मग कितीतरी वेळानं, तळहात फिरवून झाल्यावर असावं, "लख्ख आहे. नवा पाइप पाठवा."

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. जहाजावरच्या एका वयस्क माणसानं मला पाणी आणून दिलं.

घरी आले तर सगळे वाट बघत होते. हे, मुलगा, दोन शेजारणी, आणि मधोमध पाटावर सासूबाई, ज्या स्टेशनपलीकडं कधी गेल्या नव्हत्या आणि आता जाणारही नव्हत्या. त्यांनी मला हात धरून समोर बसवलं. चेष्टा नव्हती, टोमणा नव्हता. लहान पोरीसारखे डोळे करून म्हणाल्या, "आता नीट सांग बाई. कसा असतो गं समुद्र?"

मी तोंड उघडलं. रंग? लाटा? पलीकडचा काठ दिसतो की नाही? सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी त्याच्या मधोमध उभी होते आणि एकदाही मान वर केली नव्हती.

"पिवळा असतो," मी म्हटलं. "मनगटाएवढा जाड. आणि सारखा थरथरतो."